सुतक नसलेलं दुःख

लग्न मोडलं हे सांगायला मराठीत शब्दांची ददात नाही. काडीमोड आहे, फारकत आहे, सोडचिठ्ठी आहे, कोर्टकचेरीतला घटस्फोट आहे. काडीमोड या शब्दात तर अख्खं दृश्य आहे: पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. ज्या समाजांत ही चाल होती तिथे निदान ती काडी मोडताना चार माणसांनी पाहिलेली असे. लग्नाआधीचं नातं तुटलं तर मात्र आपल्याकडे जुना शब्द एकच, प्रेमभंग. कपबशी फुटावी तसा हा भंग. हात कोणाचा लागला, कोणी मुद्दाम आपटली, याचा त्या शब्दात पत्ता नाही. नव्या पिढीने 'ब्रेकअप' उचलला, पण तोही तितकाच निनावी. 'झालं' म्हणतात, 'केलं' कोणी म्हणत नाही. विश्वासघात या शब्दाची गोष्ट वेगळी. घात आपोआप होत नाही, तो कोणीतरी केलेला असतो आणि कोणाचा तरी झालेला असतो.

जोडीदाराने फसवलं आणि त्यातून नातं तुटलं, अशा माणसांसाठी हे पुस्तक आहे. लेखिका माझी जुनी मैत्रीण आणि समुपदेशक. प्रस्तावना लिही म्हणाली तेव्हा मी आधी हात झटकले. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. तिचं म्हणणं पडलं की पदवी नसली तरी पत्रं आहेत. ते खरं आहे. एका साप्ताहिकात चौदा वर्षं मी वाचकांच्या पत्रांचं सदर सांभाळलं. सुरुवातीला आंतरदेशीय पत्रं येत. चारही बाजूंच्या समासात लिहिलेली, चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा दोन ओळी कोंबलेल्या, आणि 'नाव छापू नये' याखाली दोनदा रेघ. पुढे ईमेल आले. त्यांच्यावर रेघा नसत, पण वेळ असे. रात्रीचे दोन चाळीस, पहाटेचे सव्वाचार. वेळ पाहूनच मला विषय कळायचा.

त्या पत्रांतून एक गोष्ट मला पहिल्या वर्षातच समजली. या दुःखाला सुतक नाही. घरातलं माणूस गेलं तर दहा-तेरा दिवस सगळं जग तुमच्यासाठी थोडं हळू चालतं. शेजारून पिठलं-भात येतो, ऑफिसात कोणी काम सांगत नाही, न बोलता बसून राहिलात तरी चालतं. इथे काय? ज्या नात्याचा घरी पत्ताच नव्हता ते संपल्याचं घरी सांगायचं कसं? मग नळ मोठा सोडून न्हाणीघरात रडायचं, डोळे लाल दिसले तर 'ॲलर्जी' म्हणायचं, आणि साडेआठची लोकल पकडायची. घरी माहीत असलं तर आणखी वाईट. जात वेगळी असेल तर 'सुटलीस बाई', नसेल तर 'आता तरी स्थळं बघायची ना'. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही अशा दुःखाबद्दल केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 साली अख्खा ग्रंथ संपादित केला. त्याने त्याला दिलेल्या नावाचं मराठी मी करणार नाही. बिनसुतकाचं म्हटलं की आपल्याला पुरतं.

आता फसवणुकीकडे येते. साध्या ताटातुटीत पुढचे दिवस जातात. ठरवलेलं घर, ठरवलेली नावं, पुढच्या दिवाळीचे बेत. फसवणूक मागचेही दिवस घेऊन जाते. महाबळेश्वरला पावसात भिजलो होतो तेव्हा तो मध्येच 'आईचा फोन आहे' म्हणून बाहेर गेला होता. तो आईचाच होता का? वाढदिवसाला तिने घड्याळ दिलं, त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाला काय दिलं? एकेक आठवण हातात घेऊन उजेडात धरायची आणि तिच्यावर डाग आहे का पाहायचं. पत्रांत ही यादी पानंच्या पानं चाले: तारखा, वार, कपड्यांचे रंग. पोलिसांना पंचनामा एकदा करावा लागतो. फसवलं गेलेलं माणूस तो रोज रात्री करतं, आणि पंच, फिर्यादी, साक्षीदार सगळं तेच असतं. माझ्या मते या दुखण्याचं मर्म इथे आहे. जोडीदार गेला याहीपेक्षा आपल्याच आठवणीवर, आपल्याच पारखीवर भरवसा राहिला नाही, हे जास्त जाळतं. सावरणं म्हणजे तो भरवसा परत मिळवणं. त्या माणसाला विसरणं, माफ करणं, नवं कोणी शोधणं या सगळ्या नंतरच्या, आणि ऐच्छिक, गोष्टी आहेत.

'छातीत खरंच दुखतं हो' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की ते मला अलंकारिक वाटेनासं झालं. तसं ते नाहीही. इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली अशा 40 जणांना मेंदूच्या स्कॅनखाली घेतलं, ज्यांना गेल्या सहा महिन्यांत जोडीदाराने नको असताना सोडलं होतं. त्यांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवला, आणि एरवी हाताला चटका बसेल इतकी उष्णता दिली. शारीरिक वेदना जाणवते तेव्हा मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांतले काही फोटो पाहतानाही जागे झाले. त्याच्या आदल्या वर्षी हेलन फिशर यांच्या गटाने नकार मिळूनही प्रेमात अडकलेल्या 15 जणांचा असाच अभ्यास केला, तेव्हा कोकेनच्या तलफेशी ज्यांचा संबंध जोडला जातो ते भाग पेटलेले दिसले. 40 काय आणि 15 काय, आकडे लहान आहेत आणि त्यांच्यावर मोठे मजले चढवू नयेत. पण 'डोक्यातलं काढून टाक' असं सांगणाऱ्या मावशीला दाखवायला पुरेसे आहेत. तलफ आलेल्या माणसाला दारूच्या दुकानावरून जाऊ नकोस म्हणतात, तसंच 'त्याचं प्रोफाइल उघडू नकोस' हे सांगणं आहे. टारा मार्शल यांनी 2012 मध्ये 464 जणांची पाहणी केली. त्यात जुन्या जोडीदाराच्या फेसबुकवर पाळत ठेवणाऱ्यांची तगमग जास्त आढळली. पाळतीमुळे तगमग की तगमगीमुळे पाळत, हे अशा पाहणीतून ठरत नाही. रात्री दोन चाळीसला ते ठरवण्याची गरजही नसते.

यानंतर सगळ्या पत्रांत येणारा प्रश्न. मला कळलं कसं नाही? शेजारच्या काकूंना कळलं, ऑफिसातल्या शिपायाला कळलं, मी काय आंधळी होते? जेनिफर फ्रीड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या दशकात यावर मूलभूत काम केलं. त्यांची सुरुवात फार वेगळ्या, फार अंधाऱ्या जागेतून झाली होती. सांभाळणाऱ्याच माणसांनी ज्यांच्यावर अत्याचार केले अशी मुलं त्या अभ्यासत होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याच्यावर आपण अवलंबून असतो त्याचा घात दिसू न देणं ही मनाची सोय असते. दिसलं तर नातं तोडावं लागेल, आणि नातं तोडणं परवडत नाही, म्हणून मन बघतच नाही. हीच दृष्टी पुढे नवरा-बायको, प्रेमिक, अगदी संस्थांनाही लावली गेली. म्हणजे न दिसणं हा मूर्खपणाचा पुरावा ठरत नाही. ज्याला विश्वास टाकता येतो त्यालाच असं आंधळं होता येतं. पकडलं गेल्यावर नाकारायचं, मग उलट अंगावर जायचं, आणि शेवटी 'तूच माझ्यावर संशय घेऊन मला इथवर आणलंस' म्हणत स्वतःच बिचारं व्हायचं, या क्रमालाही फ्रीड यांनी 1997 साली एक नाव दिलं. ते वाचून मी हसले. आपल्याकडे चोराच्या उलट्या बोंबा केव्हापासूनच्या आहेत. म्हण माहीत असूनही आपल्याच घरात त्या बोंबा ओळखू येत नाहीत, एवढंच.

ओळखू न येण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ. आपल्या काव्यशास्त्राने या बाबतीत भलतीच बारीक नजर ठेवली होती. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेल्या आठ नायिकांपैकी दोन आपल्या विषयाच्या. ठरल्या जागी ताटकळत राहिली आणि तो आलाच नाही, ती विप्रलब्धा. तो दुसरीकडे रात्र काढून सकाळी उगवला, ती खंडिता. नायकांचीही वर्गवारी होती. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या दशरूपकात ती सापडते: अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट. शठ म्हणजे समोर गोड बोलून मागे दुसरीकडे गुंतलेला. धृष्ट म्हणजे अंगावर खुणा घेऊन समोर उभा राहिला तरी लाज नसलेला. कॉलेजात हे पाठ करताना आम्हाला झोप येई. पत्रांचं सदर पाहायला लागले तेव्हा टेबलावर दोन गठ्ठे आपोआप पडत गेले, शठांचा आणि धृष्टांचा, आणि मला धनंजयाबद्दल आदर वाटू लागला. शठाने फसवलेल्यांना सावरायला जास्त वेळ लागतो असं माझं निरीक्षण आहे. धृष्टाचा निदान राग तरी येतो.

पण शास्त्रकारांची एक मोठी चूक झाली. खंडितेला त्यांनी मंचावर उभं केलं, रागावू दिलं, रडू दिलं, आणि तो पाया पडला की प्रवेश संपवला. ती पाया पडू देत नाही आणि निघून जाते, मग तिचं पुढे काय होतं, याला नववी नायिका नाही. त्या मानाने गाथासप्तशतीतल्या बायका बऱ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या बायका निदान सखीला, मामीला बोलावून मनातलं ओकतात. दोन हजार वर्षांमागे जी सोय होती ती पुण्यातल्या पीजीत एकटीने राहणाऱ्या मुलीला नसते, हे मला पत्रं वाचताना फार जाणवे.

आणि फसवलेल्या पुरुषाला तर शास्त्रात नावच नाही. त्याच्यासाठी आहे फक्त भर्तृहरीची दंतकथा. राजाला अमरफळ मिळतं, तो ते राणी पिंगलेला देतो, ती तिच्या प्रियकराला, तो एका गणिकेला, आणि ती गणिका ते राजालाच आणून देते. फळ फिरून हातात आलं आणि सगळं उलगडलं. राजा राज्य सोडून निघून जातो. एवढ्यावर थांबलं तर ती पुरुषांना आवडणारी गोष्ट आहे: तिने फसवलं, मी विरक्त झालो. पण आपल्याकडे घरोघरी वाचल्या जाणाऱ्या नवनाथ भक्तिसारात, मालू कवीच्या 1819 सालच्या ग्रंथात, पिंगला पूर्ण वेगळी आहे. तिथे ती एकनिष्ठ आहे. तिची परीक्षा घ्यायची म्हणून राजाच शिकारीवरून आपल्या मरणाची खोटी बातमी पाठवतो आणि ती सती जाते. मग हा वेडापिसा होऊन स्मशानात बसतो. गोरक्षनाथ येतात, हातातलं भांडं मुद्दाम फोडतात आणि त्याच्याहून मोठ्याने रडू लागतात. राजा म्हणतो, असली भांडी हवी तेवढी आणून देतो. नाथ म्हणतात, मग मीही हव्या तेवढ्या पिंगला देतो, आणि एकसारख्या पिंगलांची रांग उभी करतात. ओळख म्हणतात तुझी. राजाला ओळखता येत नाही.

नाथांना यातून वैराग्य शिकवायचं होतं. मला मात्र त्या रांगेत दुसरंच दिसतं. फसवलं गेलेल्या प्रत्येकासमोर अशी रांग असते. हसणारी खरी, की खोटं बोलणारी खरी? पाऊस पडत असताना ओला रुमाल पिळून देणारी खरी, की त्या रात्रीचा मेसेज पुसून टाकणारी? आपली कोणती ते ओळखता येत नाही, म्हणून माणूस स्मशानातून उठत नाही. पुस्तकातलं चौथं प्रकरण याबद्दल आहे आणि मला ते सर्वांत आवडलं. दोन्ही खऱ्या असू शकतात असं लेखिका तिथे म्हणते. महाबळेश्वरचा पाऊस खरा होता, तुमचं हसणं खरं होतं. समोरच्याच्या खोटेपणाने तुमचा भाग खोटा होत नाही. हे वाचायला सोपं आहे. पचायला तिने सहा महिने ते दोन वर्षं म्हटलंय, ते तिच्या खोलीतल्या अनुभवावरून. माझ्या पत्रांचा अंदाजही त्याच्या जवळपास जातो.

पुरुषांच्या पत्रांची सुरुवात बहुतेकदा 'माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे' अशी असे. तिसऱ्या परिच्छेदात मित्र गळून पडे आणि 'मी' येई. त्यांना सखीही नसते, मामीही नसते. 'चल, बसूया' म्हणणारे असतात, आणि त्या बसण्यात दुःखाचा विषय सोडून सगळं निघतं.

मन मोकळं करा, लिहून काढा, हा सल्ला मी स्वतः शेकडो जणांना दिला. त्याला आधारही होता. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली दाखवलं होतं की सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनावरच्या घावाबद्दल लिहिणाऱ्यांना पुढच्या महिन्यांत फायदा होतो. मग 2013 मध्ये डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि माझी पंचाईत झाली. नुकतेच जोडीदारापासून विभक्त झालेल्या 90 जणांना त्यांनी लिहायला बसवलं. काहींना मनातलं, काहींना नुसतं दिवसभरात काय केलं ते, भावना न आणता. ज्यांची मुळात अर्थ शोधत तेच तेच उगाळण्याची सवय होती, त्यांना मनातलं लिहिण्याने अडकवून ठेवलं. त्यांच्यातल्या ज्यांनी कोरडी दिनचर्या लिहिली, ते काही महिन्यांनी बऱ्या स्थितीत होते. उठले, दूध आणलं, बँकेत गेले, वीजबिल भरलं. मला ती दोनदा रेघ मारलेली पत्रं आठवली. काही जण दर महिन्याला लिहीत, तीच गोष्ट, तेच कपड्यांचे रंग, आणि मी दर वेळी 'लिहीत राहा' म्हणत असे. आज म्हणणार नाही. आज विचारेन, सकाळी काय खाल्लं?

पुस्तकातल्या एका प्रकरणाशी माझा वाद आहे आणि तो मी लेखिकेला सांगितलाय. क्षमेचं प्रकरण फार लवकर येतं. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा तिच्यावर मोठा प्रभाव आहे. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि ठाण्या-पुण्याकडच्या कितीतरी समुपदेशकांच्या बोलण्यात ती आजही ऐकू येते. 'त्याने असं करायला नको होतं' आणि 'त्याने असं करताच कामा नये होतं' या दोन वाक्यांतल्या एका 'च'वर तिची अख्खी इमारत उभी आहे. पहिल्यात दुःख आहे, दुसऱ्यात जगाने आपल्या नियमाने वागावं हा हट्ट. विचार पक्का आहे. पण परवा कळलेल्या माणसाला आज तो 'च' काढायला सांगणं म्हणजे ताप मोजायच्या आधी अंघोळ घालणं. शिवाय आपल्याकडे क्षमा सहसा बाईनेच करायची असते, आणि ती केली की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकून जेवायला बसतात. लेखिकेने प्रकरण हलवलं नाही. तिचा अधिकार. वाचकाने ते शेवटी वाचलं तरी काही बिघडत नाही.

काही गोष्टी मात्र आधी वाचाव्यात. परिशिष्टात त्या आहेत आणि त्या तिथे ढकलायला नको होत्या. फसवणूक कळली की लैंगिक आजारांची तपासणी करून घ्यावी. लाजेपायी हे राहून जातं. सरकारी रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि गुप्त राहते. एकत्र घेतलेलं कर्ज, फोनचा पिन, एकमेकांकडे असलेले फोटो यांचा हिशेब थंड डोक्याच्या एखाद्या माणसाला सोबत घेऊन करावा. सूड म्हणून कोणाचे खासगी फोटो पसरवणं हा गुन्हा आहे, कितीही जळत असलं तरी. आणि जगूच नये असं वाटू लागलं, तर या पुस्तकाची पानं उलटत बसू नये. टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. सकाळची वाट पाहू नये.

एक पत्र सांगून थांबते. सांगलीकडच्या एका बाईंची मला एकाच वर्षात तीन पत्रं आली होती. साखरपुडा झालेला, तारीख काढलेली, आणि तो त्यांच्याच मैत्रिणीबरोबर. तिसरं पत्र अकरा पानांचं होतं. मग काही नाही. दीड-दोन वर्षांनी पाककृतीचं सदर पाहणाऱ्या सहकारी माझ्या टेबलाशी आल्या, हातात पोस्टकार्ड. म्हणाल्या, बघ गं, तुझ्या सदराचं इकडे आलंय का, अक्षर ओळखीचं वाटतंय. अक्षर तेच होतं, उजवीकडे झुकलेलं, 'र'ला लांब शेपूट असलेलं. मजकूर असा, की मागच्या अंकातल्या अळूवडीत चिंचेचं प्रमाण साफ चुकलं आहे, दिलंय तेवढी घातली तर घसा खवखवणारच, आमच्याकडे दुप्पट घालतात आणि गूळही जास्त लागतो, कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. खाली संपूर्ण नाव आणि पत्ता होता. नाव छापू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आम्ही दुरुस्ती छापली, नावासकट.